कापणं सोपं, हलवणं अवघड

जतच्या माळावर उभं राहिलं की नजर आधी पवनचक्क्यांवर जाते. सांगली जिल्ह्याचं हे पूर्वेचं टोक, पलीकडे विजापूर. इथं पावसाची आबाळ असली तरी वाऱ्याची नाही. आषाढात ढग डोक्यावरून नुसते पळत असतात, पण त्यांना पळवणारा वारा मुक्कामालाच असतो. लांबून बघणाऱ्याला पवनचक्कीची पाती आळसावल्यासारखी फिरताना दिसतात. हिशेब मांडला की वेगळंच निघतं. पातं ४० मीटर लांब आणि मिनिटाला १५ फेरे एवढं धरलं, तर पात्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरनं पळत असतं. तरीही ते संथ वाटतं, कारण डोळा टोकाचा वेग बघत नाही. एक फेरा पुरा व्हायला किती वेळ गेला, एवढंच त्याच्या लक्षात राहतं. चार सेकंदांत एक फेरा म्हणजे संथ. संथ फिरणारी गोष्ट मोठी वाटते, भारदस्त वाटते, आणि माणूस तिच्याकडे बघत थांबतो.

हलती शिल्पं करणाऱ्यांचं निम्मं भांडवल हेच. त्यांची मोटर क्वचितच जोरात फिरते. या प्रकरणात आपण त्यांच्यातल्या एका विशेष जातीकडे बघणार आहोत. हे लोक संगणकावर रेखाटतात, यंत्राकडून सुटे भाग कापून किंवा छापून घेतात, ते जोडून शिल्प किंवा दिवा तयार करतात, आणि तुम्ही जवळ गेलात की ती वस्तू उमलते, वळते, उजळते. या उद्योगाला डिजिटल फॅब्रिकेशन म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी त्याचं दुकान तुमच्या तालुक्याच्या गावात बहुधा आहेच. फ्लेक्स छापणाऱ्याच्या शेजारी नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करून देणारा जो असतो, त्याच्याकडे लेझर कटिंगचं मशीन असतं. देव्हाऱ्याची जाळी आणि गणपतीचं मखर कापणाऱ्याकडे सीएनसी राउटर असतो. दोघंही कोरल या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा ओढतात आणि बटण दाबतात. ज्याला आपण भविष्यातलं तंत्र समजतो, ते आपल्याकडे ‘श्री व सौ.’ अशी अक्षरं कापत बसलेलं आहे.

मशीन आलं आणि डिझायनर आला नाही, असं याबाबतीत झालं आहे. ही तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे. मशीनला फाइल द्यावी लागते, आणि फाइल करणारा माणूस नेटवरून उतरवलेल्या नक्षीच्या पलीकडे जात नाही, कारण गिऱ्हाईक तेवढंच मागतं.

हे चित्र उलटं असू शकतं, हे महाराष्ट्रातच एका ठिकाणी दिसलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे जतसारखंच अवर्षणाच्या पट्ट्यातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी इथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकलेल्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज हे सगळं हातानं करता करता शिकवायचं, असा त्यांचा बेत. तिकडे बॉस्टनजवळच्या एमआयटीत नील गर्शेनफेल्ड नावाच्या प्राध्यापकानं १९९८ साली एक वर्ग काढला. ‘जवळजवळ काहीही कसं बनवावं’ अशा अर्थाचं त्याचं नाव. मोजके संशोधक येतील असं वाटलं होतं, पण झुंबड उडाली, आणि त्यांत चित्रकार-शिल्पकारही होते. केली डॉब्सन या विद्यार्थिनीनं किंचाळून मोकळं व्हायची पिशवी केली: तिच्यात तोंड घालून ओरडायचं, आवाज आत साठतो, आणि नंतर सवडीनं निर्जन जागी सोडून देता येतो. मुंबईच्या लोकलमध्ये ती हातोहात खपेल.

या वर्गातूनच छोट्या कार्यशाळांची, म्हणजे फॅब लॅबची कल्पना निघाली, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी एक २००२ साली पाबळला आली. गर्शेनफेल्डनं आपल्या पुस्तकात कलबागांबद्दल आणि पाबळबद्दल लिहिलंही आहे. पाबळच्या लोकांना त्या यंत्रांकडून शिल्पं नको होती. त्यांना दुधाची प्रत तपासणारं उपकरण हवं होतं, डिझेल इंजिनाचं टायमिंग नीट बसवायचं साधन हवं होतं. गरज गावाची, मोजमाप गावातलं, आणि भाग कापणारं यंत्र बॉस्टनमधल्यासारखंच. कलबाग २००३ मध्ये गेले, पण आश्रम आणि लॅब चालू राहिली. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही: मशीनपुढे बसलेल्या पोराला आधी वेल्डिंग येत होतं. पत्रा कुठं वाकतो, भोक कुठं फाटतं, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. म्हणून पडद्यावरची रेष त्याला नुसती रेष दिसत नव्हती.

रेषेपासून वस्तूपर्यंत जाण्याची ही वाट सांगली जिल्ह्याला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग डोळ्यांना वेगळे ओळखू येत नाहीत असं कळल्यावर रंग सुटले, यांत्रिक रेखाटन मात्र राहिलं. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. नंतर बेळगाव, सायकली, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी. जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. म्हणजे या जिल्ह्यातला सगळ्यांत नामांकित कारखाना एका हुकलेल्या चित्रकारानं एका राजा-चित्रकाराच्या जमिनीवर उभा केला. असो.

आता हलणाऱ्या दिव्याकडे येऊ. आधी एक प्रश्न: दिवा हलवायला मोटर कशाला लागते? शाळेत आपण कागदाचा साप कातरून पेटत्या मेणबत्तीवर दोऱ्यानं टांगला होता. तापलेली हवा वर चढते आणि साप फिरू लागतो. जुन्या साठ वॅटच्या बल्बवरही तो फिरायचा, कारण तो बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवायचा आणि उरलेल्या थोड्याचा उजेड करायचा. एलईडीनं ही गंमत संपवली. निळ्या एलईडीचं कोडं सोडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातूनच पांढरा एलईडी घरोघर पोचला. त्याचा प्रकाश भरपूर, ऊब जेमतेम. साप जागचा हलत नाही. हललाच पाहिजे असेल तर वेगळी मोटर बसवा. पण ऊब गेल्यामुळे कागद, लाकूड, कापड, प्लास्टिक अगदी दिव्याला चिकटवून ठेवता येऊ लागलं. आजचा डिझायनर ज्या मोकळेपणानं दिव्याचे आकार करतो, तो या थंड उजेडामुळे.

कमळाच्या आकाराचा एक दिवा घेऊ. बारा पाकळ्या, प्रत्येक पाकळी बुडाशी एका पिनेवर झुलणारी. मधोमध एक कडं. ते खाली ओढलं की बारीक दांड्यांमार्फत सगळ्या पाकळ्या बाहेर उघडतात, वर सोडलं की मिटतात. कडं ओढायला एक छोटी सर्व्हो मोटर. पोरांच्या रोबोटांत असते तीच, निळ्या रंगाची, नऊ ग्रॅमची. कागदावर हे चित्र पाच मिनिटांत होतं. तीन मिलिमीटरच्या एमडीएफमधून, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीतून, पाकळ्या कापायला लेझरला त्याहून फारसा जास्त वेळ लागत नाही. मग सगळं जोडलं जातं, मोटर चालू होते, गुणगुणते आणि थांबते. दिवा जाम!

कारण भोकात आहे. लेझरचा किरण म्हणजे रेषा नव्हे. त्याला जाडी असते, आणि तो जाईल तिथलं साहित्य जाळून नेतो, साधारण एक ते दोन दशांश मिलिमीटर. त्यामुळे तीन मिलिमीटरचं काढलेलं भोक कापल्यावर तीनपेक्षा थोडं मोठं होतं, आणि खाचेत बसायची जीभ तेवढीच बारीक होते. थ्रीडी प्रिंटर नेमका उलटा. तो वितळलेल्या प्लास्टिकची तार भोकाच्या कडेनं फिरवतो, ती आत पसरते आणि भोक लहान होतं. एकच रेखाटन, दोन यंत्रं, दोन वेगळी भोकं. शिवाय दुकानात ‘तीन एमएम’ म्हणून मिळणारी शीट खरोखर तीन असेलच असं नाही; जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर २.७ पासून ३.१ पर्यंत काहीही निघतं.

अनुभवी माणूस म्हणून आधी पाकळी कापतच नाही. तो एक पट्टी कापतो. तिच्यावर ओळीनं भोकं: २.८, २.९, ३.०, ३.१, ३.२, ३.३. प्रत्येकाखाली आकडा कोरलेला. मग जी पिन वापरायची तीच हातात घेऊन एकेका भोकात घालून बघायची. पहिल्या दोनांत ती शिरतच नाही. तिसऱ्यात शिरते, पण पट्टी आडवी धरली तरी पिन फिरत नाही. एका भोकात ती आपल्या वजनानं वळते, पण बाजूला डुगडुगत नाही. पुढच्यात डुगडुगते. मेस्त्री लोक या डुगडुगीला ‘प्ले’ म्हणतात आणि तो बोटानं ओळखतात. डुगडुगीच्या आधीचं भोक आपलं. ती पट्टी फेकायची नाही. कोणत्या शीटची, कोणत्या मशीनवर कापली, ते पेनानं लिहून खिळ्याला अडकवून ठेवायची.

बारा पाकळ्यांत मिळून छत्तीसेक सांधे असतात. त्यातला प्रत्येक जरासा घट्ट असला तरी घर्षणाची बेरीज मोटरला पेलत नाही. सर्व्होची ताकद एक सेंटिमीटरच्या दांड्यावर दीड-पावणेदोन किलो उचलण्याइतकी. दांडा दुप्पट लांब केला की उचल निम्मी. आणि एकच सांधा अगदी घट्ट असला तर अकरा पाकळ्या उघडतात, बारावी वाकते आणि मोटरचे प्लास्टिकचे दाते जातात. उलट सगळेच सांधे ढिले ठेवले तर दिवा उघडतो खरा, पण पाकळ्या एका रांगेत राहत नाहीत. पावसात भिजलेल्या छत्रीसारखा तो बापुडवाणा दिसतो. कापायचं काम यंत्रानं सोपं केलं आहे. हलवायचं काम तीनशे वर्षांपूर्वीच्या घड्याळजीला जितकं अवघड होतं तितकंच आजही आहे.

ते ज्यांना येतं, असे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना कुणी शिल्पकार म्हणत नाही एवढंच. गणपतीतले हलते देखावे आठवा. पुणे, सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी: कुठंही जा, एका मंडळासमोर अफझलखान मान हलवतो आहे, दुसऱ्यासमोर हनुमान छाती फाडतो आहे. पुण्यात डी. एस. खटावकरांसारख्या शिल्पकारांनी हे काम कलेच्या पातळीवर नेलं. तुळशीबाग गणपतीची फायबरग्लासची मूर्तीही त्यांचीच. पण गावोगावच्या देखाव्यांमागे जाऊन पडदा उचलला, तर तिथं दिसते गाडीच्या वायपरची मोटर. ही निवड फार शहाणी आहे. वायपरची मोटर बारा व्होल्टवर चालते, मिनिटाला चाळीस-साठ फेरेच मारते, भंगारात मिळते, आणि तिच्या आत वर्म गिअर असतो. वर्म म्हणजे आटे असलेला दांडा. तो दातेरी चाकाला फिरवतो, पण चाक त्याला सहसा फिरवू शकत नाही. म्हणून वीज गेली तरी हनुमानाचा वर गेलेला हात धाडकन खाली येत नाही, तिथंच अडकून राहतो. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात यावर एक धडा असतो. मंडळाच्या पोरांनी तो न वाचता वापरलेला असतो.

मोटर गोल फिरते आणि हात वर-खाली व्हायला हवा, तर मध्ये क्रँक लागतो, सायकलच्या पायडलच्या दांड्यासारखा. हात पटकन वर जाऊन सावकाश खाली यायला हवा असेल तर कॅम लागतो, म्हणजे मुद्दाम वेडावाकडा केलेला गोल. कॅमच्या कडेवर टेकलेली दांडी त्या कडेचा आकार वाचत वर-खाली होते. हालचालीची लय त्या कडेत लिहिलेली असते. देखाव्यात हा कॅम प्लायवूडचा, करवतीनं कापलेला, आणि अंदाजानं घासलेला असतो. इथं लेझरवाला कामाला येतो: लय रेखाटायची, कॅम कापायचा, बघायचं, कडेत एक मिलिमीटर बदल करायचा, पुन्हा कापायचा. देखाव्याचा मेस्त्री आणि नेमप्लेटवाला एका टपरीवर चहा पितात, पण अजून एकत्र बसून काही केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

एकाच आसावर असे अनेक कॅम ओवले, आणि प्रत्येक पुढचा कॅम मागच्यापेक्षा थोडा वळवून बसवला, की हालचाल एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. वीस कॅम, प्रत्येकात १८ अंशांचा फरक, म्हणजे पूर्ण ३६० अंश. वर टेकलेल्या वीस काठ्या लाटेसारख्या उठतात-बसतात. एकही काठी बाजूला सरकत नाही, तरी लाट सरकताना दिसते. कॅलिफोर्नियातला रूबेन मार्गोलिन अशा लाटा लाकूड, दोऱ्या आणि शेकडो कप्प्या वापरून करतो. त्याला ही कल्पना एका हिरव्या सुरवंटाच्या चालीवरून सुचली. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर २०१२ मध्ये बसवलेल्या ‘कायनेटिक रेन’ या शिल्पात हीच लाट आहे. बर्लिनच्या आर्ट प्लस कॉम या स्टुडिओनं तांब्याचा मुलामा दिलेले १,२१६ थेंब पोलादी तारांवर लटकवले आणि प्रत्येकाला आपली मोटर दिली. तिथं कॅम नाही. लय संगणकात लिहिलेली आहे, त्यामुळे ती हवी तेव्हा बदलता येते. मार्गोलिनची लाट मात्र बनवताना ठरते आणि मग आयुष्यभर तीच राहते. मला मार्गोलिनची जास्त आवडते. तिच्यात यंत्र डोळ्यांसमोर उघडं असतं, पोरगं खाली उभं राहून ‘हे असं होतंय तर’ म्हणू शकतं.

हलत्या शिल्पांच्या दुनियेतलं सगळ्यांत विलक्षण गणित नेदरलँड्समधल्या थेओ यान्सनचं. तो भौतिकशास्त्र शिकलेला. १९९० पासून तो समुद्रकाठी वाऱ्यावर चालणारे सांगाडे उभे करतो आहे, आणि ते कशाचे, तर घराच्या वायरिंगला वापरतात त्या पिवळ्या प्लास्टिकच्या पाइपांचे. सांगाड्याला डझनावारी पाय. पाय असा हवा की त्याचं पाऊल जमिनीवर सरळ रेषेत मागं जावं आणि मग झटकन उचलून पुढं यावं. मध्ये सांगाडा वर-खाली व्हायला नको, नाहीतर वारा त्याला नुसता हिंदकळवेल. असा पाय अकरा दांड्यांच्या लांबीवर ठरतो. यान्सननं आपल्या अटारी संगणकात वाटेल त्या लांबीचे दीड हजार पाय तयार केले, त्यातले सर्वांत बरे चालणारे शंभर निवडले, त्यांच्या लांब्यांची आपापसात सरमिसळ करून पुन्हा दीड हजार केले, पुन्हा शंभर निवडले. पैदाशीसाठी धनगर नर निवडतो त्याच रीतीनं हे अनेक आठवडे चाललं. माडग्याळची मेंढी याच जत तालुक्यातली, उंचनिंच, बाकदार नाकाची. तीही कुणाच्या तरी निवडीतूनच इथपर्यंत आली. यान्सननं ते अकरा आकडे लपवून ठेवले नाहीत. आज जगभर लोक ते लेझरला देऊन टेबलावर चालणारी पिल्लं कापतात. जतमधला कुणीही कापू शकतो. सांध्याचं भोक मात्र ज्याचं त्यानं शोधायचं.

यान्सनच्या सांगाड्याला मोटर नाही, तशी ती अँथनी हाऊ या अमेरिकन शिल्पकाराच्या पोलादी फुलांनाही नाही. ती वाऱ्यावर उमलतात. वाऱ्याचं शिल्प करणाऱ्यानं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: वारा दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि त्यातली शक्ती आठपट. मंद झुळकेत फिरावं म्हणून हलकं केलेलं शिल्प वादळात उडतं, आणि वादळात टिकावं म्हणून जड केलेलं एरवी ढिम्म हलत नाही. हाऊनं यावर स्वतःची चाचणी शोधली: शिल्प आपल्या ट्रकवर बांधायचं आणि हायवेवर गाडी पळवायची. तिथं टिकलं तर गिऱ्हाइकाला द्यायचं.

आता प्रतिसादाचा भाग. माणूस जवळ आला हे दिव्याला कळावं कसं? पुष्कळदा यासाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. दोन डोळे असल्यासारखी दिसणारी पट्टी. एक डोळा ऐकू न येणारा आवाज सोडतो, दुसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. माणूस एक मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला साधारण ५.८ सहस्रांश सेकंद लागतात. ही वेळ मोजायला आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड असतो. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेया गावच्या शिक्षकांनी तो कलेच्या आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून केला आणि गावातल्या एका बारचं नाव त्याला दिलं. हिशेब सोपा, अडचणी भलत्याच. मऊ, लोकरीचं कापड हा आवाज पिऊन टाकतं. घोंगडं पांघरलेला माणूस समोर उभा राहिला तर सेन्सरला तिथं कुणीच दिसत नाही. शहरातल्या प्रदर्शनात ही अडचण येत नाही, जतच्या थंडीत येते. मग ऊब ओळखणारा दुसरा सेन्सर जोडीला लावावा लागतो. शिवाय मोजणी अधूनमधून चुकते, आणि तिच्यावर लगेच विश्वास ठेवला तर दिवा भूत लागल्यासारखा दचकतो. पाच मोजण्या घ्यायच्या, त्या क्रमानं लावायच्या आणि मधली धरायची, एवढ्यानं बरंचसं निभावतं.

प्रतिसाद देणाऱ्या कलाकृतींबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. हात हलवला की दिवा लागतो, जवळ गेलं की फूल उमलतं, हे पहिल्यांदा बघताना गंमत वाटते. तिसऱ्यांदा ते मॉलचं सरकतं दार होतं. चांगले डिझायनर प्रतिसाद लांबवतात, किंवा त्यात थोडी मर्जी ठेवतात: माणूस स्थिर उभा राहिला तरच फूल उमलेल, घाई केली तर मिटेल. हालचाल कशी सुरू होते आणि कशी संपते, यावरही फार अवलंबून असतं. सर्व्होला नुसतं ‘नव्वद अंशांवर जा’ म्हटलं तर ती झटका देते. तोच प्रवास सुरुवातीला हळू, मध्ये वेगानं, शेवटी पुन्हा हळू असा तुकड्यातुकड्यांत लिहिला की तेच प्लास्टिक जिवंत वाटू लागतं. ॲनिमेशनवाले हे फार पूर्वीपासून जाणतात. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत तर त्यांच्याही आधीपासून: चामड्याची बाहुली, पडद्यामागे दिवा, आणि बोटांच्या टोकावर ती गती. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना हा खेळ अजून चालू आहे हे नव्यानं कळलं. कातरलेलं चामडं, मागून उजेड आणि हलणारी छाया हे सगळं तिथं आहेच. त्यात सेन्सर नाही, कारण बाहुलीमागचा माणूस प्रेक्षकांचा श्वास ऐकत असतो.

उजेडाचं म्हणून एक स्वतंत्र तंत्र आहे आणि ते नेमप्लेटवाल्याच्या काउंटरवरच बघायला मिळतं. वाढदिवसाला द्यायचा तो ॲक्रिलिकचा नाइट लॅम्प: खालून एलईडी, वर पारदर्शक पाटी, आणि पाटीवर कोरलेलं नाव तेवढंच झळाळतं. बाकीची पाटी अंधारी का? प्रकाश पाटीच्या बुडातून आत शिरतो आणि दोन्ही गुळगुळीत पृष्ठभागांवर इतका तिरका आदळतो की बाहेर पडूच शकत नाही. ॲक्रिलिकमध्ये साधारण ४२ अंशांपलीकडचा किरण पूर्ण परत फिरतो. तो आतल्या आत उसळ्या मारत वर जातो. लेझरनं जिथं पृष्ठभाग खरवडला, तिथं त्याला वाट सापडते, आणि ते अक्षर पेटतं. ऑप्टिकल फायबरचं इंटरनेट याच तत्त्वावर चालतं. अशा सात-आठ पाट्या एकामागे एक उभ्या करून प्रत्येकीवर घोड्याच्या धावेची वेगळी पायरी कोरली आणि एलईडी पाळीपाळीनं लावले, तर काहीही न हलवता घोडा पळतो. यात मोटर नाही, सांधा नाही, जाम होण्यासारखं काहीच नाही. सुरुवात करणाऱ्यानं इथूनच करावी.

याच्या दुसऱ्या टोकाला जॉन एडमार्क हा अमेरिकन कलावंत आहे. त्याची थ्रीडी प्रिंटरवर छापलेली शिल्पं नुसती गोल फिरतात, आणि वरून लुकलुकणारा दिवा पडतो. दिव्याची प्रत्येक लुकलुक शिल्प १३७.५ अंश वळलं की बरोबर होते. सूर्यफुलाच्या चकतीवर बिया याच कोनानं एकामागून एक बसतात. प्रत्येक लुकलुकीला डोळ्याला जवळजवळ तोच आकार दिसतो, फक्त एक पायरी पुढं गेलेला, म्हणून शिल्प फिरताना न दिसता आतून उमलत वर येताना दिसतं. शिल्पात एकही सांधा नाही. हालचाल सगळी दिवा आणि डोळा यांच्यामध्ये होते.

हे सगळं जतमध्ये करायचं तर काही गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत. थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पुण्याच्या एसी स्टुडिओत याचा विचार करावा लागत नाही, पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या दिव्याच्या पाकळ्या संध्याकाळपर्यंत माना टाकतात. त्याला पीईटीजीसारखं जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक लागतं, किंवा सरळ ॲक्रिलिक. एमडीएफ पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात बरोबर बसलेला सांधा जुलैत घट्ट होतो. फ्लेक्सवाल्याकडचा उरलेला सनपॅक किंवा फोमशीट फुकट मिळते म्हणून लेझरखाली घालायचा मोह होईल. पण फोमशीटमध्ये पीव्हीसी असलं तर क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो. तो माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनलाही गंजवतो. चांगला दुकानदार ती शीट परत करतो. धूळ तर सगळीकडेच. उघड्या सांध्यात तेल घातलं की धूळ तिथं चिकटून त्याचं खरखरीत मलम होतं, म्हणून छोट्या दिव्याच्या प्लास्टिकच्या सांध्यात तेल घालूच नये. पितळी पिन प्लास्टिकच्या भोकात कोरडीच बरी चालते. मोठ्या, वाऱ्यावर फिरणाऱ्या शिल्पाला दोन्ही बाजूंनी बंद असलेलं बेअरिंग घ्यावं.

आणि दुरुस्ती. देखाव्याचा हात मोडला की मंडळाचा कार्यकर्ता बाइंडिंग वायर आणि एमसील घेऊन धावतो, आरतीच्या आत हात पुन्हा हलतो. कापलेल्या वस्तूची दुरुस्ती याहून सोपी, फक्त फाइल जपून ठेवलेली असली पाहिजे. पाकळी मोडली तर तीच पाकळी दहा मिनिटांत पुन्हा मिळते. घोटाळा होतो तो दुसऱ्याच कारणानं: या वेळी दुकानात आलेली शीट मागच्यापेक्षा जराशी जाड असते, आणि नवी पाकळी जुन्या खाचेत बसत नाही. म्हणून जाणकार लोक फाइलला ‘कमळ फायनल’ किंवा ‘कमळ फायनल नवीन’ असं नाव देत नाहीत. शीटची मोजलेली जाडी, भोकाचा आकडा आणि मशीन कुणाचं, एवढं नावातच लिहितात, आणि प्रत्येक नव्या शीटला आधी व्हर्निअर लावतात.